ढवळ्या-पवळ्याचा पाणक्या

मित्रांनो, मी एक जुना फ्लोट आहे. नाव इंग्रजी असलं तरी काम अगदी साधं. दांडीच्या एका टोकाला प्लॅस्टिकचा पोकळ गोळा, दुसऱ्या टोकाला पितळी झडप. पाणी उतरलं की गोळा खाली जातो आणि झडप उघडते. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि झडप मिटते. एवढ्याशा कामाचा मला भारी गर्व होता.

खरं तर माझा जन्म कुलरसाठी. पण १९९६ च्या उन्हाळ्यात बारामतीच्या एका दुकानातून गंगारामांनी मला उचललं आणि भवानीनगरला आपल्या घरी आणलं. ते साखर कारखान्यात पॅनमन. भल्यामोठ्या भांड्यात उसाचा रस आटवून साखर बनवायची, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. हंगाम संपला होता आणि रिकामे हात त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते.

घरात त्यांच्या लेकीची, तेजश्रीची, माशांची काचेची पेटी होती. तीत दोन मासे, पांढरा ढवळ्या आणि तांबडा पवळ्या. वर तापलेला पत्रा, त्यामुळे दोन दिवसांत बोटभर पाणी उडून जाई आणि तेजश्री ते भरायला हमखास विसरे. गंगारामांनी फळीवर बादली ठेवली, तिला रबरी नळी जोडली आणि नळीच्या टोकाला पेटीच्या काठावर मला बसवलं. जेवढं उडेल तेवढंच पाणी मी आत सोडू लागलो.

काय माझा थाट! शेजारच्या साखरबाई मुद्दाम बघायला आल्या.

"आपसूक पानी घेतंय व्हय हे?"

"मानसाची गरजच न्हाय," गंगाराम म्हणाले. "डोकं लागतं त्याला, वैनी."

डोकं त्यांचं की माझं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी आपला माझंच धरून चाललो.

मासे विकणाऱ्याने सांगितलं होतं, पाण्यात थोडं मीठ टाकत जा. गंगाराम कामाला चोख. बादली भरली की मूठभर मीठ, एकदाही चुकले नाहीत. महिन्याभरात माझ्या अंगावर पांढरं कीटण चढलं. पवळ्या खाणं सोडून तळाशी आडवा पडला. ते बघून तेजश्रीनेही ताट बाजूला सारलं.

"पप्पा, पवळ्या मरनार का?"

गंगारामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या फ्लोटचं इख उतरतंय पान्यात. बघ कसा पांढरा पडलाय."

त्यांनी मला उपटून खिडकीत भिरकावलं. मित्रांनो, मला फार लागलं. अंगाला कमी, मनाला जास्त. आता ते तांब्याने पाणी भरू लागले, आणि आजारी माशाला ताकद यावी म्हणून वर मीठ दोन मुठी.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी रंगुबाई खिडकी पुसायला आल्या. त्यांनी माझ्यावरचं कीटण नखाने खरवडलं आणि जिभेला लावलं.

"अवो, हे तर मीठ हाय."

"मग? मीच टाकतो की. पान्याबरोबर उडून जातं ते."

रंगुबाईंनी फडकं खाली ठेवलं. "तुमी रस आटवता, तवा वाफंबरोबर साखर जाती का?"

"न्हाय. पानी जातं. साखर खाली ऱ्हाती."

"मग मीठ कुठं जाईल?"

गंगारामांनी पेटीत बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. वीस हंगाम त्यांनी जे कारखान्यात केलं, तेच ते महिनाभर घरी करत होते. फक्त त्यात मासे होते.

मग ते रोज थोडं खारट पाणी काढून तेवढंच गोडं पाणी घालू लागले. तेजश्री शाळेचा अभ्यास घेऊन पेटीजवळच बसे. चौथ्या दिवशी पवळ्या डुगडुगत वर आला आणि त्याने एक दाणा गिळला. तेजश्री रडतच हसली. मीही रडलो असतो, पण मला पाणी फक्त सोडता येतं, गाळता येत नाही.

त्या दिवशी गंगारामांनी मला कोमट पाण्याने घासून पुन्हा पेटीवर बसवलं. माफी काही मागितली नाही. पण जेवताना ते म्हणाले, "आज आमटी अळणी झालीया."

रंगुबाईंनी वर न बघता उत्तर दिलं, "चुलीवर ठिवा. आटली की हुईल खारट."

आता मी त्याच घरात एका खोक्यात पडून असतो. तुम्हाला एवढंच सांगतो, मित्रांनो. पेटीतलं पाणी उडालं तर साधं पाणीच घाला. आणि वस्तू बिघडली असं वाटलं, तर तिला भिरकावण्याआधी एकदा आठवा. आम्हाला हात नसतात. मीठ टाकणारा कुणी दुसराच असतो.