मुद्देमालाचे दात

कडूबाची सही पंचक्रोशीत गाजलेली होती. 'क'ला झोकदार वळसा, आणि शेवटची रेघ अशी ओढलेली की ती कागदाच्या काठाशी जाऊनच थांबायची. जानेफळच्या बाजारात तीस वर्षं शेळ्या-बोकडांची दलाली केलेल्या या माणसाला तेवढाच एक शौक. कुणी "कडूबा, जरा सही" म्हटलं की गडी हातातला चहासुद्धा खाली ठेवत नसे; डाव्या हातात कप, उजव्या हातात पेन. कागदावर काय लिहिलंय ते वाचणं त्याला समोरच्याचा अपमान केल्यासारखं वाटायचं.

म्हणून चार वर्षांपूर्वी महादेवरावांचा हरवलेला बोकड जीपवाल्या राजकुमारच्या जीपमध्ये सापडला, तेव्हा पंच शोधत निघालेले जमादार थेट हॉटेलात कडूबाकडेच आले. जमादारांचं नाव सांगत नाही. ते आता पेन्शनीवर आहेत, सुखात राहोत. कडूबाने सही ठोकली. जीप दोनशे पावलांवर उभी होती, पण उन्हात तिथवर जाणार कोण? राजकुमार बिचारा घसा फोडून सांगत होता, की मागे कुटाराचं, म्हणजे भुशाचं, पोतं होतं, त्या वासाने बोकड आपल्या पायांनी चढला. त्याचं कुणी ऐकलं नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं, की बोकड ताडपत्रीखाली पाय बांधून लपवलेला पंचांनी समक्ष पाहिला. दुसरे पंच रामराव पुढल्याच वर्षी वारले. उरला एकटा कडूबा.

आणि आता त्याच्या नावाने कोर्टाचं समन्स आलं.

कडूबा ते घेऊन शेजारच्या नागसेनकडे धावला. नागसेन कोर्टाचा बेलीफ म्हणून रिटायर झालेला. लोकांच्या दाराला समन्स चिकटवण्यातच त्याचा जन्म गेला होता.

"नाही गेलो तं?" कडूबाने विचारलं.

"तं वॉरंट येईन. मंग पोलीस तुले गाडीत बसवून नेतीन, अन् बाजारात बोभाटा होईन." नागसेनने समन्स उलटसुलट करून पाहिलं. "आयक, कडूभाऊ. मोबाईल बंद ठेवजो. पान खाऊन जाऊ नको. दिवसभर बसा लागते, डबा नेजो. अन् वकील इचारीन तेवढंच सांगजो. शपथ घेतली की 'असंन बुवा' म्हनाचं नाही. पाह्यलं तं पाह्यलं, नाही तं नाही."

"अन् पाह्यलंच नसंन तं?"

नागसेनने चष्मा काढला. "तुह्या सहीची रेघ लय लांब हाये बाप्पा," तो म्हणाला. "पार कोर्टापावेतो गेली."

खरी पंचाईत पुढेच होती. बोकड महादेवरावांना सुपूर्दनाम्यावर परत मिळाला होता. कोर्ट मागेल तेव्हा तो हजर करायचा, अशी अट होती. कोर्ट कशाला बोकड मागतंय, असं म्हणून महादेवरावांनी दुसऱ्या वर्षी त्याला कापून नवसाची कंदुरी करून टाकली. साऱ्या आळीला जेवण होतं. कडूबा तर दोन वाट्या रस्सा नुसताच प्यायला होता. आता कोर्टाने साक्षीदाराबरोबर मुद्देमालही मागितला. महादेवरावांनी इकडेतिकडे फिरून तसाच बोकड मिळवला: काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा.

"तू नुसतं हाव म्हन," महादेवराव कडूबाला म्हणाले. "सहीही तुहीच, अन् रस्साही तूच पेला."

कडूबाने मनाशी ठरवलं, की हाव म्हणायचं आणि डबा खाऊन घरी यायचं. राजकुमारचं त्याला वाईट वाटत होतं. खरंच वाटत होतं. गावाने त्या माणसाचं नाव 'बोकड्या' ठेवलं होतं, आणि त्या नावापायी त्याच्या तीन सोयरिकी मोडल्या होत्या. आता शिक्षा झाली असती तर ते नाव सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखं कायमचं चढलं असतं. कडूबाला याचं इतकं वाईट वाटायचं, की राजकुमारची जीप दिसली की तो रस्ताच बदलायचा.

तारखेच्या दिवशी दुपारी त्याचा पुकारा झाला. शपथ झाली. सरकारी वकिलाने पंचनामा पुढे धरला.

"ही सही तुमची?"

"हाव साहेब, माहीच," कडूबा म्हणाला. एवढ्या गडबडीतही ती रेघ पाहून त्याला बरं वाटलं.

"पंचनाम्यात लिहिलेला बोकड हाच का?"

व्हरांड्यात शिपाई बोकड धरून उभा होता. जवळ जाऊन नीट पाहून सांगा, असं न्यायाधीश मॅडम म्हणाल्या. कडूबा पिंजऱ्यातून उतरला. 'हाव' अगदी जिभेच्या टोकावर होतं. पण तीस वर्षांच्या हाताला कोण आवरणार! बोकड दिसला की आधी जबडा, मग बाकीचं. त्याच्या नकळत डाव्या हाताने हनुवटी धरली, उजव्या अंगठ्याने ओठ वर केला, आणि तोंडातून भर बाजारातला आवाज निघाला.

"अरे, हा तं दोन दाती हाये!"

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली. राजकुमारच्या वकील अनुपमाताई शांतपणे उठल्या.

"दोन दाती म्हणजे काय?"

धंद्यातलं कुणी विचारलं की कडूबाला राहवत नसे. "दुधाचे दात पडून दोन पक्के आले, ताई. म्हंजे दीड वर्साचा. लय झालं तं पावणेदोन."

"आणि चोरी किती वर्षांपूर्वीची?"

कडूबाचा हात जबड्यावरून गळून पडला. चार वर्षांपूर्वीची, असं मॅडमनीच सांगितलं.

"तव्हा तं याची मायही जन्मली नसंन, साहेब," कडूबा पुटपुटला.

मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं. मॅडमनी नजर वर केली तशी शांतता झाली. "मग मूळ बोकड कुठे आहे?"

महादेवराव डोळे वटारून पाहत होते. पण कडूबाची नजर गेली ती राजकुमारकडे. इस्त्रीचा शर्ट घालून तो कोपऱ्यात उभा होता आणि आपल्या चपलांकडे बघत होता. आपल्या बाजूने कुणी काही बोलेल, ही आशाच त्याने सोडून दिलेली दिसत होती. ते पाहून कडूबाला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"त्याची कंदुरी झाली, साहेब. म्याही दोन वाट्या रस्सा पेलो. अन् त्या दिवशी म्या जीप पाह्यली नाही, ताडपत्री पाह्यली नाही, बोकडाचे पायही पाह्यले नाही. हॉटेलात बसून नुसती सही केली."

मॅडमनी सगळं टाइप करून घेतलं. महादेवरावांना खुलाशाची नोटीस निघाली. मग कडूबाचा जबाब सहीसाठी त्याच्यापुढे आला. शिपायाने पेन दिलं, कडूबाने ते बाजूला ठेवलं, खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि ओळीखाली बोट धरून पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. वीस मिनिटं लागली. शिपाई दोनदा खाकरला.

बाहेर अनुपमाताई राजकुमारला म्हणाल्या, "आता केसमध्ये काही उरलं नाही. पुढच्या तारखेला सुटशील."

कडूबा खाली मान घालून निघाला होता. राजकुमारनेच त्याला जीपपाशी थांबवलं.

"काका, एक सांगा. माह्या सत्तावीस तारखा झाल्या. तुमच्या सहीले किती टाइम लागला होता?"

"चाहा निवाच्या आत झाली होती, बाप्पा."

तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. महादेवराव वकिलाशी वाद घालत होते आणि दोर त्यांच्या हातून सुटला होता. दोन दाती बोकड जीपच्या उघड्या फळीवरून आपल्या पायांनी वर चढला होता आणि कुटाराच्या पोत्यात तोंड खुपसून चरत होता.

कोर्टाच्या आवारातले सगळे बघत राहिले. राजकुमारच्या ओठांचा कोपरा तेवढा हलला.

कडूबा जीपजवळ गेला. त्याने वाकून ताडपत्री उचलून पाहिली. मग बोकडाचे पाय पाहिले, एकेक करून, चारही.

"राजकुमार, कागद आन बे," तो म्हणाला. "हे मात्र म्या डोयानं पाह्यलं."