हेड मिस्ट्रेसच्या दारावरची पाटी

मित्रांनो, हंड्याखाली पालथी पडलेली ही सागाची फळी म्हणजे मी. एके काळी मी कल्याणातल्या मुलींच्या शाळेची पाटी होते. पाटी स्त्रीलिंगी, फलक पुल्लिंगी. मला त्याचे कधी काही वाटले नाही. पण माणसांना वाटते, हे मी दारावर टांगल्या टांगल्या शिकले.

माझा जन्म खाडीवरचा. एक जुना पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, मोडीत निघाला, तेव्हा नाथा सुताराने त्याच्या तळाची फळी कापून मला घडवले. रतन रंगाऱ्याने वरच्या ओळीत मराठीत ‘मुलींची शाळा’ लिहिले आणि खालच्या ओळीत इंग्रजीत ‘हेड मास्टर’. सरकारी साहेब तपासणीला येत, म्हणून इंग्रजी. येणारेजाणारे थांबून अक्षरे वाखाणत.

सन १८८४ मध्ये म्हातारे मास्तर घरी बसले आणि त्यांच्या जागी आवडाबाई आल्या. त्या पुण्याला शिकून आलेल्या. त्यांचे यजमान मुलग्यांच्या शाळेत मास्तर होते. ते तापाने गेले होते. ते असताना गाव आवडाबाईंना मास्तरीणबाई म्हणे. तेव्हा त्या चूल सांभाळत होत्या. आता त्या खरोखर शिकवू लागल्या, तर लोक म्हणू लागले, “मास्तर गेले, आता ही मास्तरीण कशी?”

शाळा कमिटीने रतनला बोलावून माझ्यावर ‘हेड मिस्ट्रेस’ लिहवून घेतले. मास्टरचे स्त्रीलिंग मिस्ट्रेस, व्याकरणात चूक नव्हती. पण कचेरीत आनंदा नावाचा एक कारकून होता. मुंबईस चार बुके शिकून आलेला. त्याने पानाच्या दुकानावर सगळ्यांना सांगितले, की इंग्रजीत ठेवलेल्या बाईलाही हाच शब्द आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यावर कोळशाने तसे मराठीत लिहिलेले होते.

आवडाबाईंनी ओल्या फडक्याने मला पुसले. पुन्हा कोणीतरी लिहिले. पुन्हा पुसले. हळूहळू बाके रिकामी होऊ लागली. शाळा बंद पडेल, असे उघड बोलले जाऊ लागले.

शेवटी आवडाबाई कमिटीपुढे उभ्या राहिल्या.

“टीचर लिहा,” त्या म्हणाल्या. “त्या शब्दाला बाई चालते आणि पुरुषही चालतो.”

कमिटीचे अध्यक्ष बरे गृहस्थ होते. ते म्हणाले, “लिहू की. पण सरकारी कागदात टीचर म्हणजे हाताखालचा. मग वर एक हेडमास्तर नेमावा लागेल.”



“मग मिस्ट्रेसच असू द्या,” आवडाबाई म्हणाल्या. “शब्द सुधारण्यासाठी मी खुर्ची सोडायची नाही.”

दोन दिवसांनी तुळसा कोळीण टोपली घेऊन दारात आली. तिची मुलगी जया शाळेत होती, तिला घरी न्यायला ती आली होती. माझ्यावर कोळसा होताच. समोर पानाच्या दुकानावर आनंदा उभा होता.

“काय लिवलंय गो बाई?” तुळसाने विचारले. “मला वाचता येत न्हाय. लोक नुसते हसतान.”

मला वाटले, बाई फडके घेतील. त्यांनी घेतले नाही. माझ्यावर बोट ठेवून त्यांनी ते सगळे वाचले. आवाज जराही न उतरवता. मग म्हणाल्या, “इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक ठेवलेली, एक शिकवणारी.”

“आन तू?”

“मी शिकवणारी. पोर न्यायची तर ने. पण माझे मला विचारून ने, त्यांचे ऐकून नको.”

तुळसाने एकदा दुकानाकडे पाहिले. आनंदा सुपारी निवडू लागला.

“जये, जा आत,” दारापाशी आलेल्या मुलीला तुळसा म्हणाली. मग रस्ता ओलांडून त्याच्यासमोर टोपली आदळली. “आरं, बाईनं वाचलं तोंडानं. तू लिवलंस ना? तू वाच बरं, हितं, माझ्याम्होरं!”

कचेरीची वेळ झाली म्हणून आनंदा निघून गेला. त्यानंतर माझ्यावर कोळसा लागला नाही. मुली लगेच परतल्या नाहीत; काही कधीच आल्या नाहीत. ज्या आल्या, त्यांनी मास्तरीण, मिस्ट्रेस काहीच म्हटले नाही. त्या नुसते ‘बाई’ म्हणत.

पुढे बाई निवृत्त झाल्या. शाळेला पत्र्याची नवी पाटी आली. मी अडगळीत गेले, तिथून शिपायाच्या घरी, हंड्याखाली.

मित्रांनो, कोणाच्या दारावर काही लिहावेसे वाटले, तर आधी ते त्या माणसासमोर मोठ्याने म्हणून पाहा. आणि तेवढे माझे एक काम करा. मला इथून काढून दोन दिवस उन्हात ठेवा. आत फार ओल शिरली आहे.