न मिटणारा कोट

"हात खिशात घाल, बाबा."

"किल्टला खिसा कुठे असतो?"

"मग मागे बांध. पण आज कुणाच्याही बटणाला हात लावायचा नाही. शपथ घे."

चर्चच्या मागच्या अरुंद खोलीत एनियस मॅकिलॉपने शपथ घेतली. समोर त्याची एकुलती एक कर्स्टीन पांढऱ्या पोशाखात उभी होती. तासाभरात ती गार्वींची सून होणार होती. खाडीपासून डोंगराच्या खांद्यापर्यंत ज्यांची मेंढरं चरतात, ते गार्वी.

"त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो तेव्हा तू माझ्या दिराच्या वेस्टकोटाचं बटण काढलंस. सूप वाढत असताना."

"शेवटचं होतं ते. पाच बटणं असली की शेवटचं उघडं ठेवतात."

"तू दुकानात नव्हतास. पाहुणा होतास. आज तर माझा बाप आहेस. फक्त तेवढाच राहा."

तिने त्याच्याकडून टाचण्यांची डबीही काढून घेतली.

*

दुकान डिंगवॉलच्या बाजारपेठेतलं. लग्नाचे कपडे भाड्याने देणारं. तिथे एनियसची एकतीस वर्षं गेली, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, गुडघे गालिच्यावर.

"हा कोट लागत नाहीये हो. लहान पडतोय."

"लहान नाही. तो मिटायचाच नसतो."

"मग एवढी बटणं कशाला?"

"दिसायला. पार्लमेंटात माणसं बसवतात ना, तशी."

गिऱ्हाईक हसे आणि एनियस उठून नीट सांगे. हा संध्याकाळचा आखूड कोट, हा कायम उघडा. आतल्या वेस्टकोटाला तीन बटणं, तिन्ही बंद. दिवसाचा जाड लोकरी ट्वीडचा कोट लावता येतो, पण आत वेस्टकोट असला तर तोही उघडाच. देवाच्या दहा आज्ञांमधल्या दोन-तीन एनियसला कधीच आठवत नसत. या आज्ञा तो झोपेतही सांगू शकला असता.

*

मग संध्याकाळचा कोट दुपारी दोनच्या लग्नाला?

हट्ट कर्स्टीनचा.

"चांदीची बटणं आहेत. रुबाबदार दिसतोस."

"पोरी, हा सहानंतर घालतात."

"तुझ्या दुकानातून सगळे दुपारच्याच लग्नाला नेतात की."

ते खरंच होतं. एनियसने घातला.

*

गार्वींकडचे सगळे पुरुष ट्वीडमध्ये आले. सहा जण, शेवाळी रंगाचे जुने कोट, कोपरांवर रफू. त्यांच्या शेजारी एनियस चमच्यांच्या दुकानासारखा चमकत होता. नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ नायल हात पसरून पुढे आला.

"वा, मॅकिलॉप काका! उजेडातच रात्र झाली की तुमची!"

एनियस हसला. हात मागे बांधलेले.

आणि मग सातवे आले. मेजर गार्वी, नवऱ्या मुलाचे वडील, वय चौऱ्याहत्तर. वेस्टकोटाची पाचही बटणं लावलेली आणि त्यावर कोटाचीही तिन्ही, ओढूनताणून. पोटावर ट्वीड ढोलाच्या कातड्यासारखं ताठ झालेलं.

एनियसची बोटं पाठीमागे एकमेकांत रुतली.

नायलने भावाकडे पाहिलं. भावाने त्यांच्या सख्ख्या काकांकडे. मग एकापाठोपाठ सहाही जणांनी आपापली बटणं लावली, पार खालपर्यंत. सात कोट बंद झाले आणि चूक नाहीशी झाली.

"म्हाताऱ्याला हिवाळ्यापासून काही आठवत नाही," नायल कानाशी येऊन म्हणाला. "त्याने लावलं की आम्ही लावतो. तुम्हीही लावा."

"हा लागत नाही. हा मिटायला कापलेलाच नाही."

"सगळ्यांनी लावलं की लावायचं, काका. एवढं सोपं असतं घरात."

*

लग्न लागलं.

*

हिरवळीवर फोटो. मधोमध मेजर. त्यांच्या उजवीकडे कर्स्टीन, तिच्यापलीकडे तिचा नवरा. डावीकडे गार्वी, गार्वी, गार्वी, गार्वी, गार्वी. अगदी टोकाला एनियस.

"ते टोकाचे गृहस्थ!" फोटोवाला ओरडला. "हो, चांदीवाले! सगळ्यांचे कोट बंद आहेत, तुमचाच उघडा. लावा की!"

मेजरनी मान वळवली. त्यांची नजर एनियसच्या छातीवर आली, तिथून स्वतःच्या पोटावर गेली, आणि पुन्हा एनियसकडे आली. काहीतरी आठवल्यासारखा त्यांचा चेहरा हलायला लागला. खालचा ओठ लोंबला.

"काय हो," त्यांनी विचारलं, "कुणाचं चुकलंय?"

सगळे गार्वी एनियसकडे बघत होते. कर्स्टीनही बघत होती. तिचे ओठ नुसतेच हलले, प्लीज.

"माझं," एनियस म्हणाला.

त्याने कोटाच्या दोन्ही कडा धरल्या आणि ओढल्या. त्या कोटाला दोन्ही बाजूंना बटणंच बटणं होती, काज एकही नव्हतं, हे त्याच्याइतकं त्या हिरवळीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. चार बोटांचं अंतर होतं. त्याने पोट आत घेतलं. दोन बोटं. अजून ओढलं. दोरा तटकन तुटला आणि चांदीचं एक बटण उडून नायलच्या बुटावर आपटलं.

आधी नायल हसला. मग त्याचे काका. मग सगळी रांग. सगळ्यांत मोठ्यांदा मेजर हसले.

"अरे, यांना साधा कोट घालता येत नाही! करतात काय हे?"

"कपड्यांच्या दुकानात असतात," नायल म्हणाला.

तेव्हा तर फोटोवालाही वाकून हसला. आणि कर्स्टीन हसली. क्षणभरच, फुलांच्या गुच्छामागे तोंड लपवून, पण त्यांच्यासारखीच, त्यांच्याच सुरात.

"मॅकिलॉप, तुम्ही मागे उभे राहा," मेजर मायेने म्हणाले. "मागे कुणाला दिसत नाही."

*

मागून वेगळंच दिसत होतं.

मेजरच्या कोटाची पाठीवरची शिवण सुटत चालली होती. पुढून बटणांनी एवढं ओढल्यावर मागे काय होणार? जुना दोरा. मेजर श्वास घेत तसा एकेक टाका जात होता. दोन खांद्यांच्या मध्ये वीतभर फट पडली होती आणि त्यातून पांढरं अस्तर जिभेसारखं बाहेर येत होतं.

एनियसने ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. खोटं कशाला, फारच बरं वाटलं. इथून तंबूपर्यंत दीडशे पावलं. दोन्ही बाजूंना ऐंशी पाहुणे. पुढे बॅगपाइपवाला, आणि गार्वींच्या रीतीप्रमाणे नवी सून सासऱ्याच्या हाताला धरून तंबूत जाणार. जाऊ दे फाटत. पाठ सगळ्यांना दिसू दे. हसू दे आता सगळ्यांना पुन्हा एकदा.

बॅगपाइप घुमायला लागला. कर्स्टीनने मेजरच्या कोपरात हात घातला.

तिचा पांढरा हात त्या शेवाळी बाहीवर पडला तेव्हा एनियसच्या लक्षात आलं, की हसले तर लोक त्या दोघांना मिळून हसतील.

तो पुढे सरला. मेजरच्या थेट मागे, एका पावलाच्या अंतरावर, ती फट स्वतःच्या छातीआड ठेवून चालायला लागला.

"हा कोण?" कडेच्या एका बाईने विचारलं.

"मुलीकडचं कुणीतरी दिसतंय. म्हाताऱ्याला सांभाळायला ठेवला असेल."

"चांगला ठेवलाय. अंतर कसं राखून आहे."

कर्स्टीनने मान मागे वळवली. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, दातांतून ती म्हणाली, "बाबा, बरोबरीने चल ना. नोकरासारखा मागे काय येतोस? सगळे बघतायत."

"चाल तू."

"मला लाज वाटतेय."

"पुढे बघून चाल, पोरी."

ती वळली. पुन्हा एकदाही तिने मागे पाहिलं नाही.

खाडीवरून वारा आला, अस्तर फडफडलं. एनियस अर्धं पाऊल वाऱ्याच्या बाजूला सरकला. मेजर डावा पाय जरा ओढून टाकत. त्यानेही तसाच टाकायला सुरुवात केली, डावा, उजवा, किंचित थांबून डावा.