अक्तोसच्या गळ्यातलं झबलं

मी एक झबलं बोलतोय. सिरदर्या नदीकाठच्या या घरात अझेनं, म्हणजे आजीनं, शंभरीला टेकलेल्या आपल्या सासूच्या पांढऱ्या रुमालातून मला बेतलं. काठ दुमडले नाहीत. बाळाच्या पहिल्या झबल्याचे दुमडत नाहीत.

चाळीस दिवस मी बाळाच्या अंगावर होतो. दुधाचा वास, ओकारी, सगळं सोसलं. पण सुखात होतो. मग रीतीप्रमाणे अझेनं माझ्यात चॉकलेटं आणि वाळवलेल्या दह्याचे गोळे बांधले, मला अक्तोस कुत्रीच्या गळ्यात अडकवलं आणि ओरडली, "पळा रे! पकडेल त्याचा खाऊ!"

पोरं धावली. सगळ्यांत पुढे बाळाची सहा वर्षांची बहीण, बालझान. बिचारी अक्तोस घाबरून गोठ्यामागे आपल्या पिल्लांकडे पळाली. तिथली माती पिल्लांनी घाण केलेली. बालझाननं मला ओढलं, गाठ सुटली, खाऊ सांडला. तिनं दह्याचा गोळा उचलला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. अगं, थुंक! पण झबल्याला तोंड कुठलं?

त्या पिल्लांशी ती रोजच खेळायची, त्याच हातांनी खायची. नेमकं केव्हा बाधलं, कोण सांगणार?

हिवाळ्यात ती चहा पेल्याबाहेर ओतू लागली. अझे म्हणाली, "काय गं, आतापासूनच सासर दिसायला लागलं? चहा पेल्यात ओत, गालिच्याला पाजू नकोस!"

सगळे हसले. तिची आई बायान मात्र हसली नाही. तिनं पोरीचा उजवा डोळा हातानं झाकला, तर पोर पेला चाचपडू लागली.

"नजर लागलीय," अझे म्हणाली.

"आई, नजर नंतर काढा. आधी दवाखाना."

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "घरात पिल्लं आहेत?" पिल्लांच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात, तिथं पिकतात, बोटांवरून पोटात शिरतात. त्यातून निघालेली एक अळी पोरीच्या डाव्या डोळ्यात पोचली होती.

अझे अडून बसली. "सात पिढ्या हा खाऊ खाऊन वाढल्या!" पण त्याच दिवशी गपचूप जाऊन तिनं अक्तोससाठी आणि पिल्लांसाठी जंतांचं औषध आणलं.

बाबांनो, रीत मोडा असं मी म्हणत नाही. पण कुत्र्या-मांजरांना जंतांचं औषध द्या, त्यांची घाण उचला, पोरांचे हात धुवा आणि मातीत पडलेलं खाऊ देऊ नका.

काल बालझान दवाखान्यातून घरी आली. डोळ्याची सूज उतरलीय. तिनं पेटीतून मला काढलं, उजेडात धरलं आणि उजवा डोळा मिटला.

"अझे, बाळाच्या झबल्याला मधोमध केवढं भोक पडलंय गं!"

अझेनं मला उलटसुलट करून पाहिलं. मला कुठेच भोक नव्हतं.