काय बदललं?

बाईंनी वर्गाला डोळे मिटायला सांगितलं, चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत जाऊन खिडकीच्या मधोमध असलेली कुंडी कोपऱ्यात सरकवली.

"उघडा. काय बदललं?"

वाचनाचा तास रोज असाच सुरू व्हायचा. ज्याला बदल दिसेल त्याने गोष्टीची पहिली ओळ वाचायची. डोळ्यांना एकदा शोधायची चटक लागली की अक्षरंही सुटत नाहीत, हे बाईंचं लाडकं मत होतं आणि ऐकून ऐकून ते इतर शिक्षकांना तोंडपाठ झालं होतं. पोरं मात्र या खेळावर जीव टाकायची. ढब्बू तर डोळे उघडायच्या आधीच 'घड्याळ' म्हणून मोकळा व्हायचा. घड्याळ बिचारं वर्षभर जागचं हललं नव्हतं.

मुंगी कधी चुकायची नाही. ही नवी मुलगी भिंतीच्या कडेकडेने चालायची, म्हणून पोरांनी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. खडूचा डबा पालथा असो की फडक्याची घडी मोडलेली असो, तिला पाहताक्षणी कळायचं. बाईंना तिचं कोण कौतुक.

आज तिने हात वर केला नाही. तिने बाकाची कड घट्ट धरली होती.

"मुंगे, दिसलं ना तुला?"

"कुंडी," ती म्हणाली. मग हळूच, "आता मी वरच्या मावशींकडे जाऊ?"

पोरं खिदळली. बाईही हसल्या आणि मग तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"मावशींकडे कशाला गं?"

"आई म्हणते, खिडकीतली कुंडी कोपऱ्यात दिसली की घरात यायचं नाही, वरच्या मजल्यावर मावशींकडे जायचं. बाबा आलेले असतात."

बाईंनी उठून कुंडी जागेवर ठेवली. पहिली ओळ ढब्बूने वाचली, तीही भलत्याच पानावरची. बाईंचं लक्ष नव्हतं. एका भेदरलेल्या पोरीला आपण रोज घाबरण्याबद्दल शाबासकी देत आलो, असं वाटून त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. आई न्यायला आली की तिच्याशी बोलायचं, असं त्यांनी ठरवलं.

शाळा सुटली. मुलं एकेक करून गेली. आई आली नाही. दारात एक हसरा गृहस्थ उभा राहिला, केस नीट विंचरलेले, एका हातात चॉकलेट.

"नमस्कार बाई. मी हिचा बाबा. हिच्या आईला जरा बरं नाहीये, म्हटलं आज मीच नेतो."

वडील म्हणून शाळेच्या नोंदीत त्याचं नाव होतं. नाही म्हणायला बाईंकडे उघड सांगण्याजोगं कारण नव्हतं, आणि माणूस तर इतका नम्र की संशय घ्यायलाही संकोच वाटावा. त्यांनी मुंगीच्या खांद्यावर हात ठेवला. ती रडत नव्हती. वर्गात डोळे उघडल्यावर पाहायची तशी ती बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती.

"काय गं?" बाईंनी वाकून विचारलं.

"किल्ली," ती त्यांच्या कानात म्हणाली. "लाल गोंड्याची. ती आईच्या गळ्यात असते. आई झोपतानासुद्धा काढत नाही."

गृहस्थाच्या दुसऱ्या हातात लाल गोंडा होता. तो किल्ली बोटाभोवती सहज फिरवत होता.

बाईंनी मुंगीला आपल्या मागे घेतलं. आवाज मात्र वर्गातलाच निघाला.

"हिचं आजचं वाचन राहिलंय. तुम्ही बसा बाहेर, लगेच सोडते."

"उद्या वाचेल की."

"माझ्या वर्गात उद्याचं काही चालत नाही," बाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. कडीही घातली.

त्यांनी फोन काढला आणि त्या पोलिसांना मुंगीच्या घराचा पत्ता सांगू लागल्या. हो, आई घरीच असणार. नाही, काय झालंय ते ठाऊक नाही. बाहेर किल्लीने कुणीतरी दारावर टकटक करत होतं, अगदी हळू, न थांबता.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून बाईंनी वळून पाहिलं. मुंगी त्यांच्या खुर्चीवर चढून खिडकीतली कुंडी दोन्ही हातांनी कोपऱ्यात ढकलत होती.

"आई मला न्यायला आली," ती म्हणाली, "तर तिला बाहेरूनच दिसेल."