न्हाणीतला फोटो

कृतिकाने कॅमेरा आणला तेव्हा तिच्या वडिलांनी, पूनमचंदांनी, तो हातात घेऊन उलटासुलटा केला. रिसोडच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. वस्तू आधी वजनावरून जोखायची त्यांना सवय.

"एवढासा डबा, अन् दोन महिन्यांचा पगार गेला यात? झूम तरी हाये का याले?"

"नाही पप्पा. एकच लेन्स, तीही निघत नाही. मोठा फोटो पाहिजे तर आपणच जवळ जायचं."

"म्हणजे कॅमेऱ्याचं काम आपल्या पायांनी करायचं," असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले.

पुण्याच्या कंपनीचं काम कृतिका घरूनच करायची आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढत फिरायची. आधीचा मोठा कॅमेरा बाहेर काढला की माणसं पदर सावरायची, ताठ व्हायची. या कॅमेऱ्याकडे कोणी बघतही नव्हतं. तो कुर्त्याच्या खिशात मावायचा. चुलीच्या उजेडातही चेहऱ्यावरची सुरकुती न सुरकुती टिपायचा. शिवाय बटणाचा आवाज बंद करून टाकला की शेजारी बसलेल्यालाही फोटो निघाल्याचं कळायचं नाही. खोडी होत्याच. दुपारच्या आत बॅटरी मान टाकायची. सोयाबीनच्या मळणीत धुळीचा एक कण लेन्सच्या आत जाऊन बसला, तर लेन्स निघत नाही म्हणून सगळा कॅमेराच महिनाभर पुण्याला पाठवावा लागला. आणि झाडाच्या शेंड्यावरचं पाखरू तर विसरायचंच.

खरी अडचण वेगळी होती. जवळ जायचं, तर समोरच्या माणसाने जवळ येऊ द्यायला हवं. अनसिंगच्या जगदेवकाकांनी आणि गोजराकाकूंनी तिला येऊ दिलं.

जगदेवकाका एसटीचे ड्रायव्हर. कृतिका वाशीमच्या कॉलेजात शिकत होती तेव्हा तीन वर्षं त्यांच्याच गाडीने जायची. ती स्टँडवर पळत येताना दिसली की ते गाडी सुरू ठेवून थांबायचे आणि वर ओरडायचे, "पोरी, घड्याळ घे एखांदं!" निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, पण डोकं लख्ख राहिलं. सगळं कळायचं, म्हणून जास्त जड जायचं. त्यांना भेटायला म्हणून कृतिका एका रविवारी गेली, मग दर रविवारी जाऊ लागली.

काकू भाकरी थापायच्या, काकांची दाढी करायच्या, त्यांच्या निकामी बोटांना तेल चोळायच्या. कृतिका हातभर अंतरावर बसून फोटो काढायची. झूम नव्हता, म्हणूनच ती इतकी जवळ होती. दोन महिन्यांत ती घरातलीच झाली.

काकूंनी एकच गोष्ट बजावली होती. "कायचेबी काढ. पण यायले आंघोळ घालतो मी, तवा नाई. थे यायले नाई आवडत."

"नाही काढणार काकू," कृतिका म्हणाली होती. मनापासून म्हणाली होती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती जरा लवकर पोचली. दार उघडं होतं. मागच्या अंगणात पत्र्याची न्हाणी, तिला अर्धवट पडदा. काका दगडावर बसले होते. काकू त्यांच्या पाठीवर पाणी ओतत होत्या. त्या ओतत असतानाच काकांनी एकदम डोकं पुढे टाकलं आणि काकूंच्या खांद्यावर कपाळ टेकवून ते रडू लागले. एका हातात तांब्या तसाच धरून काकूंनी दुसरा हात काकांच्या मानेवर ठेवला. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप त्या हातावर पडली होती.

कॅमेरा कृतिकाच्या छातीशी लोंबकळत होता. तिने तो डोळ्यालाही लावला नाही. बोट आपोआप बटणावर गेलं. आवाज झाला नाही. ती तशीच मागे सरली, पुढच्या दाराशी आली आणि मोठ्याने म्हणाली, "काकू, मी आली."

घरी येऊन पाहिलं, तर आजवर काढलेल्या हजारो फोटोंमध्ये तसा एकही नव्हता. हा कुणाला दाखवायचा नाही, असं तिने ठरवलं. पंधरा दिवस ते पाळलंही. मग नागपूरच्या एका संस्थेच्या स्पर्धेसाठी पाच फोटो निवडायला बसली, तेव्हा चार सहज सापडले. पाचव्यासाठी दुसरं काहीच डोळ्यांत भरेना. नागपूर कुठे, अनसिंग कुठे, असं म्हणून तिने तो पाठवून दिला. खाली लिहिलं: जगदेव आणि गोजराबाई, अनसिंग.

त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. रविवारच्या पुरवणीत तो पाव पान छापून आला.

पेपर घेऊन काकांकडे गेले भागवत. काकांच्या गाडीवर बारा वर्षं कंडक्टर होते, अजून नोकरीत. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. मित्राचं नाव वाचूनच हरखले होते. "जगदेवभाऊ, पेपरात आले तुमी!" म्हणत त्यांनी पान काकांच्या मांडीवर पसरलं. तोवर स्टँडजवळच्या हॉटेलात सगळ्यांचं पाहून झालं होतं.

मंगळवारी कृतिका पेढे आणि फ्रेम केलेला फोटो घेऊन गेली. रागावतील थोडं, मग हसतील, असं ती वाटभर स्वतःला सांगत होती. काकू दारातच उभ्या राहिल्या. आत ये म्हणाल्या नाहीत.

"तुले सांगतलं होतं ना म्या."

"काकू, तो फोटो इतका चांगला आला होता..."

"चांगला हाये. म्या पाह्यला." काकूंचा आवाज चढला नव्हता. "आवाज झाला असता, तर तितंच थांबवलं असतं तुले. माह्या घरात उभी राहून तू काय करून राह्यली, थे मलेच नाई समजलं."

कृतिकाच्या हातातली पिशवी जड झाली. "काकांना भेटू?"

काकू बाजूला झाल्या.

काका खाटेवर होते. तिला पाहून त्यांनी तोंड फिरवलं नाही, तेच तिला सोसवेना. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "तुले... इचारता... नाई आलं?"

"चुकलं काका."

"इचारलं... असतं तर..."

"तर?"

"नाई... म्हनलो असतो." ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ त्यांनी डाव्या हाताने स्वतःच पुसली. "चाळीस वर्सं... गाडी चालोली म्या. लोकाईले आता... थेच दिसन."

नाही म्हणतील हे माहीत होतं, म्हणूनच तिने विचारलं नव्हतं, हे तिला त्या खाटेपाशी उभं असताना पहिल्यांदा स्वच्छ कळलं.

तिने बक्षीस परत केलं. संस्थेला पत्र लिहून फोटो प्रदर्शनातून काढायला लावला. त्यांनी काढलाही. पण तोवर तो या फोनवरून त्या फोनवर पसरला होता. कुणी कुणी त्याखाली नवरा-बायकोच्या प्रेमाबद्दल चार ओळी लिहून पुढे ढकलत होतं. तो आता कुणाकडे परत मागणार?

महिन्याभराने भागवत रिसोडच्या दुकानात निरोप घेऊन आले. काकूंनी सांगितलं होतं, "तिले म्हनावं, येत जाय. पण थे खेळणं आणू नको."

कृतिका गेली. चहा झाला. काकांनी वडिलांची विचारपूस केली, मग काकू भाकरी थापायला बसल्या. कृतिकाला हात कुठे ठेवावे कळेना. पूर्वी ती याच चुलीशी तास न् तास बसायची. आता दहा मिनिटांत बोलणं संपलं. काकूंच्या गुडघ्याला सूज होती. ती किती दिवसांची, हे तिने कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या मुलीचं नाव साधना आहे आणि ती मेडशीला दिली आहे, हेही तिला त्याच दिवशी कळलं. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. काका डोळे मिटून पडून राहिले, काकू कामात. ती नुसती बसून राहिली आणि लवकरच्या गाडीने परतली.

तिसऱ्या रविवारी कंपनीचं काम निघालं. पुढच्या रविवारी पाहुणे आले. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पोळा गेला, दिवाळी गेली.

परवा बाजारात भागवत दिसले. "गोजरावैनी इचारत होत्या," ते म्हणाले, "पोरगी काहून येत नाई म्हनून."

"काय सांगितलं तुम्ही?"

"काय सांगतो? म्हनलं, कामात असन."

"हो," कृतिका म्हणाली. "कामातच आहे."