दोन डाव्या बाह्या

आपण खोलीत पाऊल टाकावं आणि चाललेलं बोलणं तिथेच थांबावं, असं तुमच्या घरात कुणाच्या वाट्याला येतं? जरा आठवून पाहा. बहुतेक ते घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस असतं.

कात्रीबाईंच्या वाट्याला ते गेले तीन महिने येत होतं. खालच्या मजल्यावर शिलाईचं दुकान, वर घर. वय एकाहत्तर, पण कापड कापायचं काम अजून त्यांच्याच हातात. मुलगा गिऱ्हाइकं आणि मापं बघायचा, अधूनमधून कापायचाही. सून मशीनवर बसायची. कोपऱ्यातल्या बाकावर काजमावशी काजं करायच्या. त्यांचा जाड चष्मा आणि त्यांची जीभ, दोन्ही गल्लीत प्रसिद्ध.

आधी बाईंना वाटलं, आपल्यालाच भास होतोय. पण गॅस बंद करून त्या स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या, की सून हळूच आत जाऊन बटण पुन्हा चाचपायची. गिऱ्हाईक त्यांच्याशी बोलायला लागलं, की मुलगा मध्ये पडायचा, "माझ्याशी बोला, आईच्या लक्षात राहत नाही." आणि लोकही असे, की बाईंना ठणठणीत ऐकू येत असताना कानाशी येऊन ओरडायचे, "बऱ्या आहात ना?"

"बरी आहे, बहिरी नाही!" बाई म्हणायच्या. लोक हसायचे. म्हाताऱ्या माणसाचा राग लोकांना गमतीचा वाटतो.

मग तो कोट आला. बँकेतल्या एका साहेबांचा, गडद निळ्या कापडाचा. कापड त्यांनी परदेशातून आणलेलं आणि जेमतेम पुरेल एवढंच. असं कापड दुहेरी घालून कापता येत नाही. एकेरी पसरायचं आणि एकेक तुकडा जागा साधून काढायचा.

साहेब ट्रायलला आले. अंगावर बिनबाह्यांचा कोट चढवून आरशासमोर उभे राहिले. सुनेने कच्ची टाचलेली एक बाही लावली. दुसरी हातात घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"अहो, ही पण डावीच आहे."

साहेबांनी मान वळवली आणि सरळ कात्रीबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर परवडला असता. तिथे दया होती.

"चालायचंच. वय झालं की व्हायचंच असं," ते म्हणाले.

बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो खाली मान घालून टेप गुंडाळत होता. साहेब गेल्यावर एवढंच म्हणाला, "आई, आता कापायचं सोड. बटणं लाव, आराम कर."

आराम! पन्नास वर्षं त्या टेबलाशी उभं राहून काढलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्यांचा स्वतःवरच विश्वास उडाला. बाह्या मी कापल्या का? त्या दिवशी पाठ आणि पुढचे भाग कापल्याचं आठवत होतं. पुढचं मात्र धूसर. आपलं डोकं खरंच गेलं की काय? त्या चार दिवस स्वतःवर पहारा ठेवून होत्या. चाव्या कुठे ठेवल्या, दूध उतरवलं का, सगळं दोनदा बघायच्या.

पहारा एकदा बसला, की तो एकाच माणसावर राहत नाही. बाईंना दुसऱ्यांचंही दिसायला लागलं. मुलगा मापांची वही हात लांब करून धरत होता. सुईत दोरा ओवायचा झाला, की बायकोला हाक मारत होता. गडद कापड हातात आलं, की उगाच दारापाशी उजेडात जात होता.

दुपारी दुकानात दोघीच असताना त्यांनी कपाटातून त्या दोन बाह्या काढल्या आणि काजमावशींच्या मांडीवर टाकल्या.

"बघ. कापण्याआधी उलट्या अंगाला खडूची खूण करायची, ही आमच्या दुकानाची पद्धत. मी फुली करते, तो रेघ ओढतो. इथे काय आहे?"

मावशींनी चष्मा पुसून बाह्या डोळ्यांजवळ नेल्या. "रेघ. एकीवर उलट्या अंगाला आणि... अगं बाई! दुसरीवर सुलट्या अंगाला! बाजू चुकली, म्हणून दोन्ही डाव्या!"

"म्हणजे मी नाही कापल्या!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मावशी हसल्या नाहीत.

"एक विचारू? रागावू नकोस. तुझ्या सासऱ्यांकडून कात्री कुणी घेतली होती?"

बाईंना ते आठवलं. मामंजी! त्यांनीच तर बोटाने कापडाची सुलटी बाजू ओळखायला शिकवलं होतं. एकदा एक गळा चुकला, तेव्हा त्यांच्या सुनेने, म्हणजे बाईंनीच, गोड आवाजात म्हटलं होतं, "मामंजी, आता आराम करा." त्यानंतर ते दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "नीट बसला ना कोट?" तो गळा कुणी कापला, हे तेव्हा कुणी तपासलंच नव्हतं.

"मी त्याला माया समजत होते गं," बाई हळूच म्हणाल्या.

"सगळेच समजतात. म्हणून तर ते इतकं सोपं असतं."

तेवढ्यात मुलगा आत आला. बाईंनी गडद कापडाचा एक तुकडा त्याच्यासमोर टाकला. "सुलटी बाजू कोणती?"

त्याने तुकडा फिरवला, दारापाशी नेला, डोळे बारीक केले. "ही."

"चूक."

तो स्टुलावर बसला. "तीन महिने झाले, आई. जवळचं दिसतच नाही. समोर नवीन दुकान झालंय, सगळी तरणी पोरं. मी चष्मा लावून बसलो तर लोक म्हणतील, मास्तर म्हातारा झाला."

"आणि मी आयतीच म्हातारी होते! म्हणून खपलं माझ्या नावावर!"

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं गं. साहेबांनी तुझ्याकडे पाहिलं आणि... मी गप्प बसलो."

"गप्प बसलास? मला टेबलावरून उठवलंस की!"

"तू तिथे असतीस तर एक ना एक दिवस तुझ्या लक्षात आलं असतं."

काजमावशींनी सुई खाली ठेवली. "अरे शहाण्या, हा चष्मा मी एकोणचाळिसाव्या वर्षी लावला. काजं वाकडी झाली नाहीत, सरळ झाली! वय वाढल्याने काम बिघडत नाही, वय लपवल्याने बिघडतं. तुला म्हातारपणाची एवढी धास्ती का वाटते, सांगू? तुझ्या आईला आपण कसं वागवलं, ते तू रोज बघतोस. उद्या आपली पाळी, हे तुला ठाऊक आहे!"

आतल्या दारात सून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती गॅसचं बटण चाचपायला गेली नाही.

शनिवारी साहेब आले, तेव्हा दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. मुलाच्या नाकावर नवा चष्मा होता, अजून सवय नसलेला. सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "साहेब, त्या बाह्या मी कापल्या होत्या. आईने नाही. चूक माझी, आणि त्या दिवशी गप्प बसलो ती त्याहून मोठी चूक."

साहेब ओशाळले. बाईंकडे वळून म्हणाले, "मी उगाच बोललो. मीही पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. आतापासूनच ऑफिसात माझ्या सह्या पोरं दोनदा तपासतात. तरीही मी तुमच्याकडेच पाहिलं बघा."

"पाहता, कारण सोपं पडतं," बाई म्हणाल्या. "आता कामाचं बोलू. उजव्या बाहीला कापड उरलेलं नाही, पण या कोटाचं बिनबाह्यांचं जाकीट छान होईल. उभे राहा नीट, पोट आत ओढू नका, कापडाला सगळं कळतं."

सगळे हसले. मुलाने स्वतः टेबलावर त्या कोटाचं निळं कापड पसरलं आणि कात्री आईच्या हातात दिली.

मित्रहो, तारुण्य ही शाबासकी नव्हे आणि म्हातारपण हा गुन्हा नव्हे. तरी घरात काही हरवलं, सांडलं, बिघडलं, की आपली नजर चौकशीआधीच सगळ्यात पिकल्या केसांकडे वळते. संशय घ्यायचाच असेल, तर आधी त्या नजरेवर घ्या. जो संशय आपल्याला फार सोयीचा वाटतो, तोच बहुतेक वेळा खोटा असतो!